नसलेल्याची साक्ष

इटलीच्या उंब्रिया प्रांतात गुब्बिओ नावाचं जुनं गाव आहे आणि गावाला लागून बोत्ताचोने नावाची घळ. घळीतून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला चुनखडकाचे थर तिरके कललेले दिसतात. खालचे पांढुरके, वरचे तांबूस. या दोहोंच्या मधे जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची चिकणमातीची पट्टी आहे. फोटोत ती शोधावी लागते. येणाऱ्याजाणाऱ्या अभ्यासकांनी आणि हौशी लोकांनी तिथली माती इतकी खरवडून नेली आहे, की त्या जागी आता खाच पडली आहे. मी गुब्बिओला गेलेलो नाही आणि भूशास्त्रज्ञही नाही. या पट्टीविषयी जे काही हाती लागेल ते मात्र मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की या सगळ्या गोष्टीत मला धरून ठेवणारी बाजू डायनोसॉरची नाही आणि आकाशातून आलेल्या धोंड्याचीही नाही. जे तिथे नाही, त्याने दिलेल्या साक्षीची ती बाजू आहे.

पट्टीखालच्या पांढऱ्या खडकाला साधं भिंग लावलं, तरी वाळूच्या कणांएवढे ठिपके दिसतात. ही फोरॅमिनिफेरांची कवचं. फोरॅमिनिफेरा म्हणजे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. मेल्यावर त्यांची चुन्याची कवचं तळाशी साचत जातात आणि त्यांचाच पुढे खडक होतो. ग्लोबोट्रंकाना हे त्यांतलं एक ठसठशीत नाव, कातीव कडांची, बरीचशी मिलिमीटरभराच्या आसपासची कवचं. पट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत ती आहेत. पट्टीत नाहीत. पट्टीच्या वर जी आहेत ती इतकी बारकी, की त्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा, आणि ती वेगळ्याच जातीची. इसाबेला प्रेमोली सिल्वा आणि हान्सपीटर लुटरबाखर या दोघांनी हा बदल १९६०च्या दशकातच नोंदवला होता. क्रेटेशियस, म्हणजे डायनोसॉरांचा अखेरचा काळ, कुठे संपतो हे त्यांनी त्यावरूनच निश्चित केलं.

वॉल्टर अल्वारेझ हा अमेरिकी भूशास्त्रज्ञ तिथे वेगळ्याच कामासाठी गेला होता. खडकात गोठलेल्या प्राचीन चुंबकीय दिशांचा त्याचा अभ्यास चालला होता. पण ही पट्टी त्याच्या मनातून जाईना. समुद्राच्या तळाशी दोन गोष्टी सतत पडत असतात: सजीवांच्या कवचांचा चुना आणि जमिनीवरून वाहत आलेली थोडीशी माती. गुब्बिओच्या चुनखडकात मातीचा वाटा शेकडा पाचच्या आसपास आहे. मग मधेच निव्वळ माती का? एक उत्तर असं, की माती पूर्वीच्याच गतीने पडत राहिली आणि चुना यायचा थांबला, कारण चुना बनवणारे जीवच उरले नाहीत. म्हणजे ती पट्टी चुन्याच्या गैरहजेरीची नोंद होती. त्या मातीचा एक भाग वरून बरसलेल्या धुळीचा आहे हे पुढे कळलं, पण सुरुवातीचा प्रश्न अगदी साधा होता: चुना किती काळ बंद होता? दहा वर्षं की दहा हजार वर्षं?

वॉल्टरने खालचा पांढरा खडक, मधली माती आणि वरचा तांबूस खडक असा एकसंध तुकडा काढला आणि तो आपल्या वडिलांना दिला. वडील म्हणजे लुईस अल्वारेझ, १९६८चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. कुठल्याही विषयात नाक खुपसायला न कचरणारा माणूस. या बाबांचा एक किस्सा मला फार आवडतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी गीझाच्या खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये विश्वकिरणांतले म्यूऑन मोजणारी यंत्रं बसवली. दगडी डोंगराच्या पोटात गुप्त दालन असेल, तर त्या दिशेने जास्त म्यूऑन यावेत, असा हिशेब होता. दालन निघालं नाही. पुढे कुणी म्हणालं, “तुम्हाला दालन सापडलं नाही म्हणे,” तर ते दुरुस्ती करत, असं सांगतात. तिथे दालन नाही हे आम्हाला सापडलं, असं म्हणा! ऐकायला हा हजरजबाबीपणा वाटतो, पण दोन विधानांत फार मोठं अंतर आहे. पहिल्यात शोध फसला आहे, दुसऱ्यात तो पुरा झाला आहे. यंत्र पुरेसं बारीक असेल आणि नेमक्या जागी रोखलेलं असेल, तरच माणसाला दुसरं विधान करण्याचा अधिकार मिळतो.

पट्टीचा काळ मोजायला लुईसनी इरिडियम निवडलं. हे प्लॅटिनमच्या कुळातलं मूलद्रव्य. पृथ्वी तरुण आणि वितळलेली असताना लोखंड जड म्हणून केंद्राकडे बुडालं आणि लोखंडाशी सलगी असलेलं इरिडियम त्याच्याबरोबर गेलं. आपल्या पायाखालच्या कवचात ते जवळजवळ उरलंच नाही. बऱ्याच अशनींमध्ये अशी उतरंड कधी झालीच नाही, त्यामुळे तिथे ते सुरुवातीइतकंच शाबूत आहे. अवकाशातून बारीक धूळ पृथ्वीवर सतत झिरपत असते आणि तिच्याबरोबर इरिडियमही. मग पट्टीतलं इरिडियम मोजलं की ती साचायला किती वर्षं लागली ते कळेल. या युक्तीचा सगळा आधार पृथ्वीच्या कवचातल्या उणिवेवर होता. इथे ते मुबलक असतं, तर बाहेरून आलेलं ओळखताच आलं नसतं.

मोजणी बर्कलीच्या प्रयोगशाळेत फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी केली. नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवायचा, त्यातली मूलद्रव्यं किरणोत्सारी होऊ द्यायची, मग प्रत्येकाच्या ओळखीचे गॅमा किरण मोजत बसायचं. चिकाटीचं काम. हाती आलेला आकडा हिशेबात कुठेच बसेना. मातीत इरिडियमचं प्रमाण शंभर कोटी भागांत सुमारे ९ भाग निघालं. ऐकायला नगण्य, पण वरखालच्या खडकाच्या तुलनेत तीसपट. संथपणे झिरपणाऱ्या धुळीतून एवढं येऊच शकत नव्हतं. काळ मोजायला काढलेलं घड्याळ भलतंच काही दाखवत होतं.

पहिला संशय गेला जवळपास कुठेतरी फुटलेल्या ताऱ्यावर. अतिनवताऱ्याच्या स्फोटात इरिडियमबरोबर प्लुटोनियम-२४४ही तयार होतं. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ८ कोटी वर्षं आहे. पृथ्वीच्या जन्मावेळचं केव्हाच संपलं, पण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आलेलं असेल तर अजून निम्म्याहून जास्त शिल्लक असायला हवं. असारो आणि मिशेल यांनी रात्रभर जागून मोजणी केली आणि ते सापडलं! दिवंगत ताऱ्याची राख आपल्या टेबलावर आहे, असं वाटण्याचे ते काही तास कसे गेले असतील? त्यांनी त्याच मातीचा ताजा नमुना घेऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वेळी प्लुटोनियम नव्हतं. पहिलं बाहेरून मिसळलेलं, प्रयोगशाळेतलंच होतं. एक सुंदर कल्पना त्यांनी स्वतःच्या हाताने रद्द केली. मला हा भाग या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा वाटतो, तरी तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. तारा नाही म्हटल्यावर उरला तो सूर्यमालेतलाच धोंडा. जगभर पसरलेल्या इरिडियमवरून त्याचा व्यास निघाला १० किलोमीटरच्या आसपास.

या धोंड्याच्या आघातानेच डायनोसॉर आणि समुद्रातले ते जीव संपले, असं सांगणारा चौघांचा निबंध जून १९८०मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. त्यात गुब्बिओच्या जोडीला डेन्मार्कमधलं स्टेवन्स क्लिंट होतं, जिथे इरिडियम १६० पटींनी वाढलं होतं, आणि न्यूझीलंडमधलं वुडसाइड क्रीक, जिथे ते २० पटींनी. त्याच्या थोडंच आधी, मे महिन्यात, यान स्मिट या डच अभ्यासकाचा निबंध ‘नेचर’मध्ये आला होता. स्पेनमधल्या काराव्हाकाच्या थरात त्यालाही इरिडियम मिळालं होतं. हे नाव मागे पडतं, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

इथे थोडं माझ्याविषयी. माझी नोकरी हिशेबतपासनिसाची. या कामात चुकीची नोंद पकडणं तसं सोपं असतं, कारण ती समोर असते. अवघड असतं ते न केलेली नोंद पकडणं. व्हाउचर क्रमांक ४१२ आहे, ४१४ आहे आणि मधलं नाही. ते हरवलं, की मुद्दाम काढलं, की छपाईतच क्रमांक सुटला? तिन्ही शक्यतांमध्ये फाइल सारखीच दिसते. म्हणूनच असेल, पण अल्वारेझ मंडळींच्या निबंधानंतर जे भांडण पेटलं त्यात मी पुराजीवशास्त्रज्ञांच्या बाजूने बराच काळ मनातल्या मनात वाद घातला आहे. त्यांचं म्हणणं हट्टीपणाचं नव्हतं.

अमेरिकेत मोंटाना राज्यात हेल क्रीक नावाच्या खडकांच्या थरांत क्रेटेशियसच्या अखेरचे डायनोसॉर सापडतात. बर्कलीतल्याच विल्यम क्लेमेन्स यांनी आणि इतरांनी दाखवून दिलं, की इरिडियमच्या थराखाली सुमारे तीन मीटर जाडीच्या खडकात डायनोसॉरची हाडं मिळत नाहीत. तीन मीटर म्हणजे हजारो वर्षं. धोंडा आदळला तेव्हा मरायला डायनोसॉर शिल्लकच नसतील, तर खुनाचा आरोप कसा टिकणार? बास्क किनाऱ्यावरच्या सुमाया इथेही तसंच. पीटर वॉर्ड तिथल्या कड्यांवर अमोनाइट शोधत होते. अमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारखं कवच असलेले सागरी प्राणी, माखल्यांचे दूरचे नातलग. सर्वांत वरचा अमोनाइट सीमारेषेच्या सुमारे दहा मीटर खाली मिळाला. पुढे काहीच नाही. १९८३च्या सुमारास वॉर्ड यांचा निष्कर्ष होता, की अमोनाइट हळूहळू, आधीच संपले.

हाडं नाहीत आणि अमोनाइटही नाहीत. म्हणजे इथेही साक्ष गैरहजेरीचीच होती, फक्त ती दुसऱ्या बाजूने उभी होती.

१९८२मध्ये फिलिप सिग्नोर आणि जेरी लिप्स या दोघांनी एक छोटासा, पण अत्यंत जाचक मुद्दा मांडला. जीवाश्म होणं हा दुर्मीळ योगायोग आणि तो सापडणं आणखी दुर्मीळ. एखाद्या जातीचा शेवटचा जीव नेमका जीवाश्म झाला आणि नेमका आपल्या हातोडीखाली आला, हे जवळपास अशक्य. म्हणून आपल्याला मिळणारा ‘शेवटचा’ जीवाश्म खऱ्या शेवटाच्या नेहमीच थोडा खाली असणार. जात जितकी विरळ, तितकी ही तफावत मोठी. सगळ्या जाती एकाच दिवशी मेल्या, तरी खडकात त्या एकामागून एक हळूहळू निघून गेल्यासारख्या दिसतील. फोरॅमिनिफेरा चमचाभर मातीत शेकड्यांनी मिळतात, त्यांची रेषा धारदार दिसते. डायनोसॉर विरळ, त्यांची रेषा पुसट.

यात मला सगळ्यांत मोलाचं हे वाटतं, की हा मुद्दा तपासता येण्याजोगा होता. तो खरा असेल, तर आणखी शोधल्यावर तफावत कमी व्हायला हवी. खोटा असेल, तर कितीही खणलं तरी तशीच राहील. वॉर्ड पुन्हा कड्यांवर गेले. सुमायाच नव्हे, फ्रान्सच्या हद्दीतले आंदाय आणि बियारिट्झचे कडेही त्यांनी धुंडाळले. अमोनाइट अगदी सीमारेषेच्या जवळ मिळाले. स्वतःच छापलेला निष्कर्ष त्यांनी स्वतःच बदलला. मोंटानातली तीन मीटरची फटही अशीच आटत गेली. २०११मध्ये शिंगवाल्या डायनोसॉरचं एक शिंग सीमारेषेच्या अवघ्या १३ सेंटिमीटर खाली सापडल्याचं प्रसिद्ध झालं. दहा मीटरची आणि तीन मीटरची उणीव शोधणाऱ्याच्या अपुरेपणाची होती. ग्लोबोट्रंकानाची मात्र कितीही भिंगं लावली तरी भरून निघाली नाही.

लुईस अल्वारेझ या सगळ्या काळात पुराजीवशास्त्रज्ञांवर फार उखडून बोलले. १९८८मध्ये वर्तमानपत्राशी बोलताना त्यांनी त्या लोकांना टपालाची तिकिटं गोळा करणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. ते म्हणणं मला पटत नाही. तिकिटं गोळा करणारे होते म्हणूनच कुठलं तिकीट कुठल्या पानावर नाही हे कळलं.

आता विवर. दहा किलोमीटरचा धोंडा आदळला असेल तर सुमारे दोनशे किलोमीटरचा खड्डा पडायला हवा, आणि तो कुठेच दिसेना. विरोधकांच्या हातात हे कोलीत होतं. समर्थक म्हणत, समुद्राच्या तळावर पडलं असेल आणि तो तळ एव्हाना पृथ्वीच्या पोटात गेलाही असेल. उत्तर चुकीचं नव्हतं, पण फारच सोयीचं होतं.

या काळात एक पुरावा असा आला, की निदान आघाताविषयी तरी शंका ठेवायला जागा कमी उरली. १९८४मध्ये ब्रूस बोहोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोंटानातल्या सीमाथरातले क्वार्ट्झचे कण तपासले. साधा क्वार्ट्झचा कण सूक्ष्मदर्शकाखाली नितळ असतो. फुटला तर वेडावाकडा फुटतो, काचेसारखा. हे कण तसे नव्हते. त्यांच्या आरपार अत्यंत बारीक, एकमेकींना समांतर रेघा गेल्या होत्या, आणि एका दिशेने नव्हे, एकाच कणात दोनतीन दिशांनी, एकमेकींना छेदत. स्फटिकाची आतली रचना ठराविक प्रतलांवर क्षणार्धात चुरडली गेल्याच्या या खुणा. असा दाब अणुचाचणीच्या जागी सापडतो आणि अशनीच्या विवरांत सापडतो. ज्वालामुखीत खडक वितळतो, उसळतो, पण अशा रेघोट्या तिथे उमटत नाहीत.

विवर खरं तर सापडलेलं होतं. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर तिथल्या सरकारी तेल कंपनीने, पेमेक्सने, १९५०च्या दशकात विहिरी खणल्या होत्या. तेलाऐवजी खोलवर कठीण, स्फटिकमय खडक लागला, तो ज्वालामुखीचा समजून काम गुंडाळलं गेलं. १९७८मध्ये ग्लेन पेनफील्ड विमानातून घेतलेल्या चुंबकीय नोंदी तपासत होते, तेव्हा त्यांना समुद्राखाली एक विलक्षण रेखीव अर्धवर्तुळ दिसलं. जमिनीवरच्या जुन्या गुरुत्वाकर्षण नकाशात दुसरं अर्धवर्तुळ होतं. दोन्ही जोडल्यावर सुमारे १८० किलोमीटरचं पूर्ण वर्तुळ झालं. पेनफील्ड आणि पेमेक्सचे आंतोनिओ कामार्गो यांनी १९८१मध्ये भूभौतिकी तज्ज्ञांच्या परिषदेत ते जाहीर केलं. दैवगती अशी, की त्याच सुमारास आघात आणि विलोपन, म्हणजे जाती नामशेष होणं, यांवरची पहिली मोठी परिषद युटा राज्यात भरली होती आणि ज्यांनी हे ऐकायला हवं होतं ते बहुतेक तिकडे होते. ह्यूस्टनच्या एका दैनिकात कार्लोस बायर्स या पत्रकाराने बातमीही दिली. कुणी हलेना.

पुढची नऊ-दहा वर्षं अर्धं जग एक खड्डा शोधत होतं आणि खड्डा एका कंपनीच्या नकाशांत आखलेला होता. ॲलन हिल्डब्रँड या विद्यार्थ्याला टेक्ससमधल्या ब्राझोस नदीकाठचे लाटांनी ढवळलेले थर आणि हैतीतल्या बेलोकचा काचगोळ्यांनी भरलेला जाड थर पाहून अंदाज आला होता, की आघाताची जागा कॅरिबियनच्या आसपास असणार. १९९०मध्ये बायर्स यांनीच त्याला पेनफील्डचं नाव सांगितलं. जुन्या विहिरींचे नमुने शोधून काढले गेले, त्यांत तोच रेघोट्यांचा क्वार्ट्झ निघाला आणि १९९१मध्ये चिकशुलूब हे नाव सर्वतोमुखी झालं. विवर वरून दिसत नाही कारण त्यावर शेकडो मीटर चुनखडक साचला आहे. त्याच्या कडेवर गोड्या पाण्याच्या नैसर्गिक विहिरींची, सेनोतेंची, एक कमान मात्र उमटली आहे. पुढच्याच वर्षी आरगॉनच्या पद्धतीने विवरातल्या वितळ-खडकाचं आणि हैतीतल्या काचगोळ्यांचं वय काढलं गेलं. ते जुळलं. लुईस अल्वारेझ हे बघायला नव्हते. सप्टेंबर १९८८मध्ये ते गेले.

त्यानंतरची एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१६मध्ये प्रोग्रेसो बंदरापासून काही अंतरावर समुद्रात उभ्या केलेल्या तराफ्यावरून शास्त्रज्ञांनी विवराच्या आतल्या डोंगरकड्यात खणलं. जोआना मॉर्गन आणि शॉन गुलिक या मोहिमेचे प्रमुख. समुद्रतळाखाली १,३३५ मीटरपर्यंत गेलेल्या त्या विहिरीतून नळकांड्यांसारखे खडक वर आले. काही किलोमीटर खोल असायला हवा होता तो ग्रॅनाइट इतक्या वर आलेला, तोही काही मिनिटांत. ग्रॅनाइटच्या डोक्यावर सुमारे १३० मीटर वितळलेला आणि तुटकातुटका माल, बराचसा एका दिवसात साचलेला. त्या दिवसाची नोंद सेंटिमीटर-सेंटिमीटरने वाचता येते. वरच्या भागात कोळशाचे कण आहेत, जमिनीवर पेटलेल्या आगींतून परत येणाऱ्या लाटांनी आणलेले.

पण मी या अहवालात ज्या ओळीवर अडकलो, ती होती न सापडलेल्या गोष्टीविषयी. युकातानच्या त्या भागात जमिनीखाली चुनखडकाबरोबर जिप्सम आणि ॲनहायड्राइट, म्हणजे गंधक असलेले खडक, मोठ्या प्रमाणावर होते. विवरात कोसळलेल्या मालात त्यांचे तुकडे हमखास यायला हवेत. ग्रॅनाइट आला, चुनखडक आला. गंधकाचे खडक जवळजवळ नाहीतच. मग ते गेले कुठे? वाफ होऊन वर. तीनशे अब्ज टनांहून अधिक गंधक वातावरणात गेलं असावं असा अंदाज आहे. तिथे त्याचे सूक्ष्म थेंब झाले आणि सूर्यप्रकाश अडला. काही संगणकीय प्रारूपांनुसार पृथ्वीचं सरासरी तापमान २० अंशांहून जास्त घसरलं आणि वर यायला वर्षानुवर्षं लागली. अंधारात वनस्पती थांबल्या, समुद्रातले तरंगते जीव थांबले आणि गुब्बिओचा चुना थांबला. तीनचतुर्थांशाच्या आसपास जाती संपल्या. चित्रांमध्ये एक टायरॅनोसॉरस मान वर करून आगीच्या गोळ्याकडे बघत असतो, ते चित्र मला अलीकडे खटकतं. बहुतेकांना काही दिसलंच नसणार. नुसता उजेड गेला आणि खायला मिळेनासं झालं.

दख्खनच्या कातळाचा विषय इथे टाळता येत नाही. महाराष्ट्राच्या बहुतांश भागाखाली आणि शेजारच्या राज्यांत पसरलेला हा काळा बेसाल्ट, सह्याद्रीत कित्येक ठिकाणी एक किलोमीटरहून जास्त जाडीचा, त्याच काळातल्या लाव्हांचा आहे. ड्युई मॅक्लीन आणि पुढे प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांनी विलोपनाचं खापर या उद्रेकांवर फोडलं. गंधक आणि कार्बन डायऑक्साइड त्यांतूनही अफाट निघाला, यात वाद नाही. गुजरातमधल्या अंजार इथे लाव्हाच्या प्रवाहांच्या मधे अडकलेल्या गाळात इरिडियम मिळालं, म्हणजे आघाताच्या आधीच लाव्हा वाहू लागला होता. वाद आहे तो कितीचा. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी या कातळाची वयं दिली. एका गटाच्या मते एक मोठा लोट आघाताच्या काही दशसहस्र वर्षं आधी आला. दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा आघातानंतरचा. दोन्ही पद्धती नावाजलेल्या आहेत.

माझा कल आघाताकडे आहे, आणि त्याचं कारण पुन्हा एक उणीवच आहे. सागरी गाळातून काढलेल्या तापमानाच्या नोंदींत आघाताच्या काही लाख वर्षं आधी दोनेक अंशांची वाढ दिसते आणि ती आघाताच्या आधीच ओसरते. म्हणजे दख्खनचा वायू बाहेर पडला, हवामान हललं, परत सावरलं. त्या टप्प्यावर जागतिक मृत्यू मात्र दिसत नाही. ग्लोबोट्रंकाना त्या उबेतून निवांत पार झालेली दिसते. त्यानंतर जीवसृष्टी सावरायला वेळ लागला, त्यात कातळाचा हात असेल, असू शकतो. वादी पक्षाने एवढं कबूल करायला हरकत नाही.

मात्र एवढ्यावरून सगळीच मोठी विलोपनं धोंड्यांच्या नावावर लावण्याचा मोह १९८०-९०च्या दशकांत अनेकांना झाला. तो जमला नाही. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या पर्मियन-अखेरच्या विलोपनात याहून कितीतरी जास्त जाती गेल्या, आणि तिथे इरिडियमचा तसा ठळक, जगभर एकसारखा थर कसून शोधूनही मिळालेला नाही. सायबेरियातले लाव्हा तिथे मुख्य संशयित आहेत. उलट सायबेरियातल्याच पोपिगाई इथे सुमारे ३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी पडलेलं विवर १०० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्या वेळचं कुठलंही महाविलोपन नोंदलेलं नाही. धोंडा मोठा असून भागत नाही, तो कशावर पडतो यालाही महत्त्व असावं. चिकशुलूबचा पडला तो गंधकावर.

सध्या माझं लक्ष आहे ते पश्चिम आफ्रिकेच्या गिनी देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटरवर, समुद्रतळाखाली दडलेल्या नादिर विवराकडे. व्यास नऊ किलोमीटरच्या घरात. ध्वनिलहरींच्या नोंदी चाळताना ते २०२२मध्ये उजेडात आलं. शोधणारा तेव्हा दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका कशा दूर गेल्या ते बघत होता. नंतरच्या त्रिमितीय नोंदींतून ते आघाताचंच आहे हे पक्कं झालं. काळही क्रेटेशियसच्या अखेरचाच दिसतो. चिकशुलूबबरोबरच पडलेलं भावंड, की काही लाख वर्षं पुढेमागे आलेला परका, हे ध्वनिलहरींवरून ठरत नाही. त्यासाठी तिथला खडक वर काढून त्याचं वय मोजावं लागेल, आणि ते भोक अजून कुणी पाडलेलं नाही.